ऐयारांचा बटवा

श्रावणातल्या मंगळवारी महाराष्ट्रातील नववधू जिची पूजा मांडतात, त्या मंगळागौरीचे एक जुने स्थान काशीत आहे. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून वरच्या अरुंद गल्लीत शिरले म्हणजे मंगलागौरीचे देऊळ लागते. हा परिसर मराठी यात्रेकरूला कधी परका वाटत नाही. जवळचा बालाजी घाट पेशवाईची आठवण करून देतो. बिंदुमाधवाचे आजचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधविलेले. घाटावरचा दगडी दीपस्तंभ अहिल्याबाई होळकरांचा. आणि थोडे उत्तरेला सरकले की नाना फडणविसांचा वाडा. एकनाथांनी आपले भागवत १५७३ साली पुरे केले तेही याच नगरीत.

याच पंचगंगा घाटाविषयी कबीराची एक कथा सांगतात. रामानंदांकडून दीक्षा मिळण्याची आशा नव्हती, तेव्हा कबीर पहाटेच्या अंधारात पायरीवर निजून राहिला. स्नानाला उतरणाऱ्या रामानंदांचा पाय त्याच्या अंगावर पडला, त्यांच्या मुखातून रामनाम निघाले आणि तोच गुरुमंत्र मानून कबीर उठून गेला. कथेला इतिहासाचा आधार किती, हा पंडितांचा प्रश्न. परंतु वेळ हेरणे, अंधाराचा आडोसा घेणे आणि हवी ती वस्तू नेमकी तिच्या धन्याच्याच मुखातून काढून घेणे, या कौशल्याला हिंदीत एक नेमका शब्द आहे. तो शब्द म्हणजे ऐयारी. आणि हा शब्द हिंदी वाचकांच्या घराघरांत ज्याने नेऊन पोहोचविला, तो लेखक याच काशीचा, देवकीनंदन खत्री.

‘ऐयार’ हा मूळचा अरबी शब्द फारसी-उर्दू दास्तानांतून आपल्याकडे आला. ऐयार म्हणजे हेर. पण केवळ हेर नव्हे. तो वेष पालटतो, स्वर बदलतो, शत्रूच्या महालात गवई होऊन शिरतो आणि भिक्षेकरी होऊन बाहेर पडतो. मराठ्यांच्या कागदपत्रांत ‘जासूद’ आणि ‘नजरबाज’ हे शब्द जागोजाग भेटतात आणि बहिर्जी नाईकांचे नाव तर महाराष्ट्रात मुलांनाही ठाऊक असते. त्या परंपरेशी ऐयाराचे नाते सहज जुळते. भेद एवढाच की जासुदाचे काम बातमी आणून पोहोचविली की संपे; ऐयाराचे काम बातमी हाती आल्यावर सुरू होई.

देवकीनंदनांचा जन्म १८६१ सालचा. याच वर्षी मराठीत लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ प्रसिद्ध झाली, हा एक मनोरम योगायोग म्हणावा लागेल. कारण संकटात सापडलेली सुंदरी, कपटी कारस्थाने आणि अद्भुत सुटका यांची जी आवड हळब्यांनी मराठी वाचकाला लावली, तीच पुढे देवकीनंदनांनी हिंदी वाचकाला लावली. त्यांचे घराणे पंजाबचे. रणजितसिंहांच्या पश्चात लाहोरात जी बेबंदशाही माजली, तिला कंटाळून त्यांचे वडील लाला ईश्वरदास काशीत येऊन राहिले. देवकीनंदन जन्मले ते आजोळी, बिहारातील पूसा या गावी. त्यांचे आरंभीचे शिक्षण उर्दू-फारसीचे. हिंदी, संस्कृत आणि इंग्रजी त्यांनी मागाहून आत्मसात केली. ज्या पुरुषाने पुढे हजारो लोकांना नागरी अक्षरे गिरवायला लावली, त्याची स्वतःची पहिली अक्षरे फारसी होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तारुण्यात ते गयेजवळच्या टेकारी संस्थानात व्यापार करीत होते. पुढे ते काशीस परतले आणि काशीनरेशांच्या कृपेने त्यांना चकिया व नौगढ येथील जंगलांचा ठेका मिळाला. काशीच्या दक्षिणेला, गंगेच्या पलीकडे, विंध्याच्या या रांगा पसरलेल्या आहेत. लाकूडतोडीचा हिशेब पाहण्यासाठी हा ठेकेदार डोंगर, दऱ्या, धबधबे आणि पडके किल्ले महिनोन् महिने पालथे घालीत असे. ओसाड गढीतले भुयार कुठे निघत असेल, बुजलेल्या विहिरीखाली काय असेल, या ओवरीत कोणाला कोंडले असेल, असे प्रश्न कुणालाही पडावेत अशीच ती ठिकाणे. बहुतेकांना ते प्रश्न पडतात आणि ते पुढे निघून जातात. देवकीनंदन थांबले. ठेका संपला तेव्हा त्यांच्या गाठीला लाकडाच्या नफ्यापेक्षा मोलाचे काही उरले होते.

‘चंद्रकांता’ १८८८ सालापासून काशीत छापून निघू लागली. इंग्लंडात शेरलॉक होम्सची पहिली कथा प्रसिद्ध होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. ‘चंद्रकांते’ची कथा तशी साधी आहे. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचे परस्परांवर प्रेम आहे. विजयगढच्या दिवाणाचा मुलगा क्रूरसिंह याचा तिच्यावर डोळा आहे, आणि आपला हेतू साधत नाही असे दिसताच तो चुनारचा राजा शिवदत्त याच्याकडे जाऊन त्याला या झगड्यात ओढतो. इथून पुढे राजांपेक्षा त्यांचे ऐयारच कथा चालवितात. वीरेंद्रसिंहाचा मित्र तेजसिंह आणि चंद्रकांतेची सखी चपला हे दोघे यातले अग्रणी. स्त्रीसुद्धा ऐयार असू शकते, रूप पालटून शत्रूच्या छावणीत एकटी जाऊ शकते आणि काम फत्ते करून परत येऊ शकते, हे त्या काळच्या वाचकाने चपलेच्या रूपाने पाहिले. आपल्याकडे १८८८ साली स्त्रीशिक्षणावर अजून वादच चालू होते, हे लक्षात घेतले म्हणजे चपलेचे मोल कळते.

ऐयाराची सारी सामग्री त्याच्या बटव्यात असते. बेशुद्ध करण्याची पूड, शुद्धीवर आणणारा लखलखा, तोंड रंगविण्याचे रोगण, खोट्या दाढीमिशा आणि तटावर चढण्यासाठी कमंद. तलवार त्याच्याजवळ असते; पण तिचा उपयोग करावा लागला तर ती त्याला आपली हारच वाटते. ऐयारांचा एक अलिखित कायदाही देवकीनंदनांनी घालून दिला आहे. ऐयाराने ऐयाराला ठार मारावयाचे नाही. पकडला तर कैदेत ठेवावयाचे. म्हणून या कथांत फसवणूक पदोपदी आहे, पण क्रौर्याची हौस नाही. बुद्धीने बुद्धीवर मात करावी आणि हरलेल्याने पुन्हा डाव मांडावा, असा हा खेळ आहे.

ऐयारीच्या जोडीला येतो तो तिलिस्म. तिलिस्म म्हणजे खजिन्याभोवती रचलेले मायावी बंदिस्थान. ठरलेल्या पुरुषानेच ते ठरलेल्या रीतीने तोडावयाचे. ही कल्पनाही दास्तानांची. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे खंड लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून १८८३ पासून निघत होते आणि देवकीनंदनांसारख्या फारसी शिकलेल्या माणसाला ते जग परिचित होते. पण त्या दास्तानांत जादूगार मंत्र म्हणत आणि राक्षस प्रकट होत. देवकीनंदनांच्या तिलिस्मात पुतळा हलतो तो आतल्या कमानीमुळे, भिंत सरकते ती चक्रामुळे. ‘संतति’तील तिलिस्मी खंजिराचा स्पर्श होताच माणूस थरथरून बेशुद्ध पडतो आणि त्यातून वीज चमकावी तसा प्रकाश निघतो, ज्याच्या बोटात त्याच खंजिराच्या जोडीची अंगठी असेल त्याला मात्र इजा होत नाही. मंत्राची जागा यंत्राने घेतली. आगगाडी आणि तारायंत्र नुकतेच पाहिलेल्या पिढीला हे अद्भुत पटले, कारण ते तिच्या ओळखीचे होते.

‘चंद्रकांते’नंतर ‘चंद्रकांता संतति’ आली. १८९४ पासून सुमारे दहा वर्षे तिचे भाग निघत राहिले आणि ते चोवीस झाले. मधल्या काळात १८९८ साली देवकीनंदनांनी स्वतःचा छापखाना काढला. त्याचे नाव लहरी प्रेस. पुढला भाग केव्हा निघतो म्हणून वाचक वाट पाहत. ज्यांना नागरी वाचता येत नसे, ते दुसऱ्याकडून वाचून घेत. आणि दुसऱ्याची मनधरणी करण्याचा कंटाळा आला की अक्षरे शिकायला बसत.

येथे मराठी श्रोत्याला थोडा विचार करावा लागेल. मराठी हस्तलेखनात मोडी होती, छापण्यात बाळबोध होती. पण मराठी आपल्याच लिपीत लिहावी की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात कधी उभा राहिला नाही. उत्तरेत तो उभा होता. कचेऱ्यांचा व्यवहार फारसी लिपीत चाले आणि नोकरीची आशा करणारा मुलगा त्याच लिपीच्या मागे जाई. काशीत १८९३ साली नागरी प्रचारिणी सभा स्थापन झाली. तिने अर्ज केले, सह्या गोळा केल्या. आणि एप्रिल १९०० मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर मॅक्डॉनेल यांनी कचेऱ्यांत नागरीलाही वाव दिला. डिसेंबर १९०५ मध्ये काशीत काँग्रेस भरली असता लोकमान्य टिळकांनी याच सभेच्या व्यासपीठावरून देवनागरी ही सर्व भारताची समान लिपी व्हावी असे प्रतिपादन केले. अर्ज आणि व्याख्याने यांनी लिपीला हक्क मिळतो. वाचक मिळतोच असे नाही. तो वाचक लहरी प्रेसच्या स्वस्त पुस्तकांनी मिळवून दिला. हुकुमाने जे उघडले त्या दाराने आत यावयास माणसे आधीच ओट्यावर जमली होती, आणि ती तेजसिंहाची वाट पाहत होती.

मग या लेखकाला साहित्याने काय दिले? काशीतच राहणारे आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी १९२९ साली हिंदी साहित्याचा इतिहास लिहिला. त्यांचा निवाडा चमत्कारिक आहे. देवकीनंदनांनी जेवढे वाचक निर्माण केले तेवढे दुसऱ्या कोणत्याही ग्रंथकाराने केले नाहीत, हे ते निःसंकोचपणे मान्य करतात. कित्येक लोक केवळ ‘चंद्रकांते’साठी हिंदी शिकले, हेही ते सांगतात. आणि तरीही या कादंबऱ्यांना साहित्याच्या कोटीत ते घेत नाहीत; कारण त्यांत घटनांचे वैचित्र्य आहे, मनुष्यस्वभावाचे चित्रण नाही. पाहुण्यांनी घर भरविणाऱ्याला ओटीवरच बसविण्याचा हा प्रकार.

शुक्लांचा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. वीरेंद्रसिंह पहिल्या पानावर जसा आहे तसाच शेवटच्या पानावर आहे. चंद्रकांतेला रडण्यावाचून फारसे काम नाही. पण एक पात्र असे आहे की जे या निवाड्यात बसत नाही. ते ‘संतति’तील भूतनाथ. भूतनाथ हा अव्वल ऐयार आहे. परंतु त्याच्या मागे पूर्वायुष्यातील पातके उभी आहेत. इतरांची गुपिते शोधण्यात ज्याची हयात गेली, तोच आपले गुपित उघड होईल या भयाने रात्री दचकून उठतो. एखादे जुने पत्र, एखादा साक्षीदार, एखादे विसरलेले नाव समोर आले की त्याचा चेहरा उतरतो. चांगले होण्याची इच्छा त्याला खरोखर आहे आणि मागचे झाकण्यासाठी तो पुन्हा पुन्हा वाईट करीत आहे. वेष पालटण्यात निपुण असलेल्या माणसाला आपले आयुष्य तेवढे पालटता येत नाही. याला मनुष्यस्वभावाचे चित्रण म्हणावयाचे नाही तर कशाला?

खुद्द देवकीनंदनांनाही हे पात्र सोडवेना. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी ‘भूतनाथ’ याच नावाने त्याची जीवनकथा हाती घेतली. सहा भाग लिहून झाले आणि १ ऑगस्ट १९१३ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे बावन्न वर्षांचे. भूतनाथाचा कबुलीजबाब अर्धाच राहिला.

तो पुरा केला त्यांच्या मुलाने. दुर्गाप्रसाद तेव्हा अठरा वर्षांचे होते. ते १९१२ साली शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाले होते आणि गणित व विज्ञान हे त्यांचे आवडते विषय होते. वडिलांचे सूत्र उचलून त्यांनी ‘भूतनाथ’ एकवीस भागांपर्यंत नेला. पण ऐयारांचे युग संपले होते. गाझीपूरजवळच्या गहमर गावचे गोपालराम गहमरी यांनी १९०० सालीच ‘जासूस’ नावाचे मासिक सुरू करून हिंदी वाचकाला नव्या तऱ्हेच्या गुप्तहेराची ओळख करून दिली होती. गहमरी काही काळ मुंबईत वेंकटेश्वर छापखान्याच्या संबंधाने राहिलेले. त्यांचे मासिक चार दशकांच्या आसपास चालले आणि त्यांचा शेवट १९४६ साली काशीतच झाला. त्यांचा जासूस राजपुत्राचा सखा नव्हता. तो पावलांचे ठसे पाही, जबान्या ताडून पाही आणि खुनी शोधून काढी.

दुर्गाप्रसादांनी या दोन्ही वाटांहून वेगळी वाट काढली. त्यांच्या ‘प्रतिशोध’, ‘लाल पंजा’, ‘रक्तमंडल’ आणि ‘सफेद शैतान’ या कादंबऱ्यांतील गुप्त मंडळे परकी सत्ता उलथून टाकण्यासाठी झटतात; ‘सफेद शैतान’मध्ये तर सगळ्या आशियाच्या मुक्तीचे स्वप्न आहे. किपलिंगचा ‘किम’ १९०१ साली प्रसिद्ध झाला. तोही हेर, तोही हिंदुस्थानातला, त्याच्या लामाचा मुक्कामही काही काळ काशीतच. पण किमची सारी चतुराई साम्राज्याच्या सेवेला वाहिलेली आहे. काशीच्या या लेखकाने हेराला दुसऱ्या बाजूला उभे केले. वडिलांच्या ऐयाराचे इमान आपल्या राजाला होते. मुलाच्या नायकाचे इमान देशाला आहे.

आणि कल्पनेतील हा खेळ एकदा प्रत्यक्षातही खेळावा लागला. १९३० सालचे कायदेभंगाचे आंदोलन पेटले, सरकारने छापखान्यांवर वटहुकूम काढला आणि काशीच्या ‘आज’ या दैनिकाचे प्रकाशन थांबले. त्याचे संपादक बाबूराव विष्णु पराडकर हे काशीतल्याच मराठी घराण्यात १८८३ साली जन्मलेले. कलकत्त्यास असताना क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून त्यांनी स्थानबद्धता भोगली होती. ‘आज’ थांबले, तेव्हा ‘रणभेरी’ नावाचे गुप्त पत्रक निघू लागले. सायक्लोस्टाइल यंत्रावर काढलेले हे कागद हातोहात शहरभर पोहोचत आणि पोलीस ते कुठून येतात याचा शोध घेत राहत. पराडकरांच्या बरोबर या कामात होते ते ‘दासबोध’ आणि ‘ज्ञानेश्वरी’ हिंदीत आणणारे कोशकार रामचंद्र वर्मा. आणि होते दुर्गाप्रसाद खत्री.

ज्याने कागदावर भुयारे खणली, पाठलाग चुकविले आणि गुप्त निरोप पोहोचविले, तो आता खरेच गुप्त निरोप पोहोचवीत होता. काशीच्या ज्या गल्ल्यांत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला भिंतीशी चिकटून उभे राहावे लागते, त्या गल्ल्या अशा कामासाठी जणू तिलिस्मच होत्या. या कामात पकडले जाणे म्हणजे तुरुंग होता आणि छापखान्यावर टाच होती. कथेतील ऐयाराला लेखक सोडवून आणतो. लेखकाला सोडवून आणणारा कोणी नव्हता. करमणुकीची पुस्तके लिहिणारा माणूस हलका असतो, असे ज्यांना वाटते त्यांनी हा प्रसंग आठवावा.

मराठीतही या कुळाचा एक लेखक होऊन गेला. धनंजय, झुंजार आणि काळा पहाड यांची लोकप्रिय मालिका लिहिणारे बाबूराव अर्नाळकर. १९०६ साली जन्मलेल्या या लेखकाने हजारावर पुस्तके लिहिली आणि १९९६ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. म्हणजे तेथे चंद्रकांता आणि येथे चंद्रकांत. अर्नाळकरांवर वाचनाची गोडी लागलेल्या पिढ्या पुढे मोठमोठ्या ग्रंथांकडे वळल्या, आणि साहित्याच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला मात्र फारच थोडी जागा आली. निवाडा काशीतला असो की पुण्यातला, तो असा सारखाच असतो.

दुर्गाप्रसाद १९७४ साली निवर्तले. पुढे १९९४ ते १९९६ या काळात ‘चंद्रकांता’ दूरदर्शनवर आली आणि ज्यांनी मूळ पुस्तक कधी पाहिलेही नव्हते अशी मराठी घरेदेखील क्रूरसिंहाला ओळखू लागली. मालिकेने मूळ कथेत पुष्कळ फेरफार केले. पण ऐयाराला रूप पालटण्याचे वावडे कधीच नव्हते.

साहित्याच्या मंदिरात कोणाला कोठे बसवावे याचा वाद चालू राहील, आणि तो चालू राहणे योग्यच आहे. मात्र मंदिरात गर्दी आहे, म्हणून तो वाद रंगतो. ही गर्दी पायऱ्या चढून आपोआप वर आलेली नाही. कोणीतरी अंधारात पायरीवर बसून, उत्सुकतेची एकच युक्ती वापरून, निरक्षर माणसाच्या मुखातून पहिले अक्षर काढून घेतले आहे. देवकीनंदन खत्रींची सर्वांत मोठी ऐयारी तीच होती. वाचकाला वाटले, आपण चंद्रकांतेला शोधीत आहो. आणि शोधता शोधता त्याला लिपी सापडली.